पंचनामा घरांचा झाला, तरुणांचा राहिला

(कोन, ता. पनवेल येथे कार्यकर्ते व त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ज्या गावात मांडला जात आहे, त्या गावाचा त्या विषयाशी थेट संबंध आहे. कोन येथे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या भाडेतत्त्वावरील घरांच्या योजनेतून मोठ्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांतील २,४१७ घरांसाठी म्हाडाने डिसेंबर २०१६ मध्ये गिरणी कामगार व त्यांच्या वारसांकरिता सोडत काढली. ज्यांचे नाव सोडतीत लागले, त्यांना घराचा ताबा मिळण्यापूर्वीच २०२० सालचा मार्च महिना उजाडला. रिकाम्या इमारती हाताशी होत्या, साथ दाराशी येऊन ठेपली होती. शासनाने या इमारती विलगीकरणासाठी ताब्यात घेतल्या आणि ज्या खोल्यांत कोणाचा गृहप्रवेशही झाला नव्हता, त्यांत पनवेल परिसरातील संशयित आणि बाधित माणसे आणून ठेवली गेली.

साथ ओसरल्यावर इमारती मोकळ्या झाल्या, तेव्हा घरांची दुरवस्था झालेली होती. दुरुस्ती कोणी करायची, खर्च कोणी सोसायचा, यावर शासकीय यंत्रणांमध्ये बराच काळ घोळ चालला. वयोवृद्ध गिरणी कामगारांना या घोळापायी आणखी काही वर्षे थांबावे लागले. त्यांच्या तक्रारी रास्तच होत्या. परंतु घरांची दुरवस्था डोळ्यांना दिसत होती, म्हणून उशिरा का होईना, तिची दखल घेतली गेली. त्याच खोल्यांत चौदा-चौदा दिवस काढून जी तरुण मुले-मुली घरी परतली, त्यांच्या आत काय मोडले आणि काय शाबूत राहिले, हे तपासायला मात्र कोणी आले नाही. 'निगेटिव्ह' असा अहवाल हाती पडला आणि विषय संपला, असे सर्वांनी मानले. घरच्यांनी मानले, यंत्रणेने मानले आणि त्या तरुणांनी स्वतःही मानले.

विषय संपला नव्हता, असे त्यांचे शरीर सांगते.

शरीर कसे सांगते, हे प्रथम पाहिले पाहिजे. एखाद्या तरुणाला कोणी सहज विचारावे, "कोरोनात तुमच्याकडे काय झाले होते?" आणि त्याने तितक्याच सहज उत्तर द्यावे, "विशेष काही नाही, बाबांना ॲडमिट केले होते, आता ठीक आहेत." वाक्य एवढेच. परंतु त्या क्षणी त्याच्या हाताच्या बोटांना इलेक्ट्रोड लावलेले असतील आणि छातीवर हृदयाचे ठोके मोजणारे यंत्र असेल, तर त्यावर उमटणारी रेषा निराळेच काही दाखवू शकते. ठोके वाढलेले असतात, तळहाताला सूक्ष्म घाम आल्यामुळे त्वचेची विद्युतवाहकता वाढलेली असते, कपाळाचे आणि जबड्याचे स्नायू ताणलेले असतात. तोंडाने दिलेले उत्तर आणि शरीराने दिलेले उत्तर यांचा मेळ बसतोच असे नाही.

ही कल्पनाशक्तीची भरारी नव्हे. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर रॉजर पिटमन, स्कॉट ऑर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे प्रयोग केले आणि १९८७ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पद्धत साधी होती. सैनिकाने स्वतःचा अनुभव सांगायचा, त्यातून अर्ध्या मिनिटाचा मजकूर तयार करायचा, तो त्यालाच ध्वनिमुद्रित स्वरूपात ऐकवायचा आणि डोळ्यांसमोर तो प्रसंग आणायला सांगायचे. एवढ्या काळात शरीरात होणारे बदल यंत्रे टिपत राहतात. युद्धाचा मानसिक आघात ज्यांच्यात घर करून होता, त्यांची शरीरे स्वतःच्या आठवणीने पेटून उठत. युद्ध पाहिलेले, पण त्या विकारातून मुक्त असलेले सैनिक मात्र तीच परीक्षा तुलनेने शांतपणे देत. अनुभव दोघांचाही भीषणच होता. एकाच्या बाबतीत तो भूतकाळात जमा झाला होता, दुसऱ्याच्या बाबतीत तो वर्तमानातच चालू होता.

हीच रीत पुढे अपघात, अत्याचार, नैसर्गिक आपत्ती यांतून गेलेल्यांच्या अभ्यासात वापरली गेली आणि महामारीनंतर तरुणांच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारला जाऊ लागला. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. टाळेबंदीत कंटाळलेला प्रत्येक जण 'आघातग्रस्त' ठरत नाही. अलीकडे हा शब्द फारच स्वस्त झाला आहे. मनोविकारशास्त्रात त्याला निश्चित निकष आहेत. स्वतःच्या वा जवळच्या माणसाच्या जिवावर बेतलेला प्रसंग त्यात अभिप्रेत असतो. बहुसंख्य तरुण त्या काळातून सावरले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे आणि ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. परंतु निकषात न बसणारा ताणही शरीराला कळतो.

कोणकोणत्या आठवणी? त्यांची यादी वृत्तपत्रांच्या मथळ्यांत सापडणार नाही. एप्रिल २०२१ मध्ये नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून रुग्णांचे प्राण गेले, त्यानंतर दोनच दिवसांनी विरारच्या रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागली. या घटना सर्वांना ठाऊक आहेत. मात्र त्याच दिवसांत हजारो घरांत एक वीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आईच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून बसलेली होती. ९४ हा आकडा त्या मुलांना पाठ झाला होता. आईला घरातल्या घरात सहा मिनिटे चालवायचे, पुन्हा बोट यंत्रात घालायचे आणि आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून पाहायचे. ९३ दिसला की बोट चोळून पुन्हा लावायचे. मग फोन. खाट आहे का? रेमडेसिवीर कोठे मिळेल? सिलिंडर भरून कोण देईल? घरातील थोरले आजारी, नातेवाईक दूर, शेजारी दाराआड. कर्तेपण ज्या वयात हळूहळू अंगावर यायचे, त्या वयात ते एका रात्रीत येऊन पडले.

त्या मुलांच्या शरीरात तेव्हा काय चालले होते? संकटाची चाहूल लागली की मेंदूतील बदामाच्या आकाराचा ॲमिग्डाला हा भाग इशारा देतो. काही क्षणांतच अनुकंपी मज्जासंस्था जागी होते, ॲड्रिनलिन रक्तात उतरते, हृदय वेगाने धावू लागते, पचन मंदावते, रक्त स्नायूंकडे वळते. त्यामागून संथ पावलांनी कॉर्टिसॉल येते. त्याची पातळी सुमारे वीस ते तीस मिनिटांनी शिखर गाठते. लढा किंवा पळा, यासाठी निसर्गाने केलेली ही सिद्धता आहे. वॉल्टर कॅनन या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या प्रारंभी तिचे वर्णन केले. अडचण अशी की २०२१ च्या त्या रात्री लढायला शत्रू दिसत नव्हता आणि पळायला जागा नव्हती. शरीर सर्व शस्त्रे परजून एका खुर्चीत बसून राहिले आणि समोर फक्त एक आकडा होता.

आठवणीच्या वेळी हीच यंत्रणा, बहुधा कमी प्रमाणात, पुन्हा चालते. त्यासाठी कोणी प्रश्न विचारावा लागतोच असे नाही. सॅनिटायझरचा वास पुरतो. वासाची वाट मेंदूत इतर संवेदनांपेक्षा जवळची आहे. भावना आणि स्मृती यांच्या केंद्रांशी तिचा जवळजवळ थेट संबंध आहे. म्हणून रुग्णालयाच्या जिन्यातला वास एखाद्याला क्षणात चार-पाच वर्षे मागे नेतो आणि आपण का घाबरलो, हे त्याला स्वतःलाही कळत नाही. रुग्णवाहिकेचा भोंगा, रात्री अडीचला वाजलेला फोन, कोणाच्या तरी बोटाला लावलेली ती छोटी चिमटी, कोणी सलग चार वेळा खोकले तर. कोनच्या इमारतींत राहून आलेल्या एखाद्याला महामार्गाने जाताना त्या खिडक्या दिसल्या की पोटात खड्डा पडत असेल, तर त्याने तो आपला दुबळेपणा समजण्याचे कारण नाही.

याच्या नेमके उलटही घडते, आणि ते अधिक फसवे आहे. काही जणांचे शरीर आठवणीने पेटत नाही, थिजते. ठोके वाढत नाहीत, चेहरा निर्विकार राहतो, प्रसंग दुसऱ्या कोणाच्या घरी घडल्यासारखा सांगितला जातो. आघातानंतरच्या विकारातही रुग्णांचा एक गट असा असतो, हे संशोधकांनी नोंदवले आहे. घरच्यांना वाटते, पोरगा खंबीर निघाला. वडिलांच्या अंत्यविधीला पाच-सहा माणसे होती, सारे त्याने एकट्याने निभावले, डोळ्यांतून टिपूस काढले नाही. निभावले हे खरे आहे. परंतु ठोका न चुकणे म्हणजे जखम भरणे, असे गणित शरीरशास्त्रात नाही.

अंत्यविधीचा उल्लेख झाला, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे. आपल्याकडे माणूस गेल्यावर दहा-तेरा दिवस घर भरलेले असते. येणारा प्रत्येक जण विचारतो, "कसे झाले?" आणि घरातला माणूस तीच हकीकत विसाव्यांदा, पंचविसाव्यांदा सांगतो. पहिल्यांदा सांगताना त्याचा कंठ दाटतो, हात कापतात. दहाव्या दिवसापर्यंत तो तीच गोष्ट पाणी पीत पीत सांगू शकतो. सुशिक्षितांना या प्रथेचा कधी कधी वैताग येतो आणि भेटीला येणाऱ्यांच्या काही प्रश्नांना सुमार नसतो, हेही खरे. पण आधुनिक मानसोपचारात आघाताची आठवण सुरक्षित वातावरणात, पुनःपुन्हा, क्रमाने सांगायला लावण्याची जी पद्धत आहे, तिच्याशी या दहा दिवसांचे साम्य डोळ्यांत भरण्यासारखे आहे. ऐकणारी माणसे आपली असतात, हातात चहाचा कप असतो, कोणीतरी पाठीवर हात ठेवलेला असतो. धोका संपला आहे, हे शरीराला अशा वेळी कळते.

२०२० आणि २०२१ मध्ये नेमके हेच नाहीसे झाले. अंत्यसंस्काराला माणसांच्या संख्येची मर्यादा आली, पार्थिवाला स्पर्श करता येईना, दहावा-तेरावा उरकला गेला तो फोनवरून. हकीकत सांगायची राहूनच गेली. नंतर लोक भेटले तेव्हा उशीर झाला होता. कोणी विषय काढला नाही, आणि काढला तर "जाऊ दे आता, कशाला त्या आठवणी" असे म्हणून मोठ्यांनीच तो मिटवला. त्यामागे माया होती. परिणाम मात्र असा झाला की ती हकीकत पहिल्यांदा सांगताना जो कंठ दाटतो, तो आजही तितकाच दाटतो.

महाराष्ट्राने याआधीही साथ पाहिली आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग आढळला आणि पुढे पुण्यापर्यंत पोहोचला. १८९७ च्या मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. त्याच वर्षी रँडच्या अधिकाराखाली झालेल्या घरझडत्या, माणसांना उचलून छावणीत नेणे, बायकामाणसांची झालेली विटंबना, यांतून जो संताप उसळला, त्याचा शेवट २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंच्या हातून कसा झाला, हे येथे सांगण्याची आवश्यकता नाही. विलगीकरण या गोष्टीची एक कडू स्मृती या प्रांताला तेव्हापासून आहे. परंतु खेड्यापाड्यांत दुसरीही एक रीत होती. उंदीर पडू लागले की गावेच्या गावे बाहेर पडत, शेतात झोपड्या घालून राहत. माणसे मरत होती, पण उरलेली माणसे एकत्र होती. त्या दिवसांच्या गोष्टी पुढल्या दोन पिढ्यांनी आजीच्या तोंडून ऐकल्या. माणसांची वयेसुद्धा 'प्लेगच्या सालची' म्हणून मोजली गेली. आपल्या काळातले विलगीकरण दयाळू होते, स्वच्छ होते, दोन वेळचे जेवण देणारे होते. मात्र ते एकट्याचे होते. अनोळखी इमारत, अनोळखी मजला, आणि सोबतीला फक्त हातातला मोबाइल, ज्यावर दर पाच मिनिटांनी आणखी कोणाच्या तरी जाण्याची बातमी.

तरुणांचाच विचार निराळा का करायचा, असा प्रश्न येथे विचारला जाईल. त्याला दोन कारणे आहेत. भावनांना लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो. म्हणजे इशारा देणारी घंटा पूर्ण वाढलेली आणि ती बंद करणारा हात अजून वाढीस लागलेला, अशी ती अवस्था असते. दुसरे कारण स्मृतीच्या अभ्यासातून पुढे आले आहे. वृद्धांना आयुष्यातील प्रसंग आठवायला सांगितले, तर साधारण दहा ते तीस या वयातील प्रसंग इतर काळापेक्षा अधिक आठवतात. म्हणजे ज्यांची दहावीची भूगोलाची उत्तरपत्रिका २०२० मध्ये लिहायचीच राहिली, ज्यांची २०२१ सालची बारावीची परीक्षा रद्द झाली, ज्यांचे महाविद्यालयाचे पहिले वर्ष एका खोलीत पडद्यासमोर गेले, ते सत्तरीतही हा काळ कालच्यासारखा सांगणार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले की साथीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्य यांचे जगातील प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले आणि त्याचा मोठा फटका तरुणांना व स्त्रियांना बसला. ही मुले आज नोकरीत आहेत, काहींची लग्ने ठरत आहेत, काही जण आईबाप होत आहेत.

आता कार्यकर्त्यांविषयी. या सभागृहात असे अनेक तरुण असतील, ज्यांनी त्या काळात शिधा वाटला, वस्त्यांत तपासणीसाठी फिरले, रुग्णांना वाहनातून नेले, आणि ज्यांच्या घरचे येऊ शकले नाहीत त्यांना अग्नीही दिला. सेवेची वाच्यता करू नये, हा संस्कार मोठा आहे. त्यातून अहंकाराला आळा बसतो. परंतु सेवा न सांगणे आणि सेवेत जे पाहिले ते न सांगणे, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. स्मशानात पहिल्यांदा गेलेल्या एकवीस वर्षांच्या मुलाने पीपीई किटमध्ये घामाने निथळत चार चितांना अग्नी दिला असेल, तर त्याचा सत्कार झाला नाही तरी चालेल. पण त्या रात्री घरी येऊन त्याने अंगणातच आंघोळ केली आणि वेगळ्या खोलीत जाऊन झोपला, त्यानंतर त्याच्याशी त्याबद्दल कोण बोलले? बहुतेक ठिकाणी कोणीही नाही. पुढच्या बैठकीत पुढची योजना ठरली. ही उणीव संघटनांनी स्वतःच्या वहीत लिहून ठेवण्यासारखी आहे. सैन्यात, अग्निशमन दलात मोहिमेनंतर एकत्र बसून झाले-गेले सांगण्याची पद्धत असते. मात्र कोणावर बोलण्याची सक्ती करू नये, हेही अनुभवाने शिकवले आहे. पहिल्याच दिवशी खोदून खोदून विचारल्याने काहींचे नुकसानच होते.

मग करायचे काय? एक उपाय वहीपेन्सिलीचा आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातील क्लेशकारक प्रसंगाविषयी लिहायला सांगितले. लिहिल्यावर त्यांना आधी अधिकच वाईट वाटले, रक्तदाबही वाढला. पण पुढील काही महिन्यांत ज्यांनी घटना आणि तिच्याविषयीच्या भावना असे दोन्ही लिहिले, त्यांचे महाविद्यालयाच्या दवाखान्यातील फेरे कमी झाले. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा लाभ माफक असल्याचे आढळले, तेव्हा त्याला रामबाण म्हणू नये. खर्च काही नाही, एवढा गुण निश्चित.

दुसरा उपाय श्वासाचा. हृदयाची गती वाढवणाऱ्या मज्जासंस्थेला तोल देणारी परानुकंपी संस्था आहे आणि तिचा मुख्य धागा म्हणजे व्हेगस मज्जातंतू. श्वास सोडताना हा धागा हृदयाला सावकाश चालायला सांगतो. म्हणून दीर्घ उच्छ्वासाने ठोके उतरतात. इटलीतील लुचियानो बर्नार्डी यांनी २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक रंजक निरीक्षण मांडले. ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' हा मंत्र, दोन्हींच्या पठणात श्वसनाचा वेग आपोआप मिनिटाला सुमारे सहापर्यंत येतो आणि हृदय व रक्तदाब यांचे नियमन सुधारते. घाट चढून वर गेले की लोणावळ्याला कैवल्यधाम आहे. तेथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगक्रियांना प्रयोगशाळेच्या कसोटीला लावण्याचे व्रत घेतले होते. त्या परंपरेला स्मरून एवढेच म्हणावे की प्राणायाम उपयोगी आहे आणि तो मोजून पाहता येतो. परंतु ज्याला रात्ररात्र झोप नाही, त्याला "प्राणायाम कर, सगळे ठीक होईल" असे सांगून मोकळे होणे म्हणजे कुवलयानंदांच्या शास्त्रबुद्धीशी केलेली प्रतारणा होय. भ्रमणध्वनीवर सकाळी पाठवले जाणारे सकारात्मकतेचे सुविचार तर त्याहूनही निरुपयोगी.

एक गल्लत विशेषतः टाळली पाहिजे. छातीत धडधड होते, ती प्रत्येक वेळी आठवणीमुळेच, असे गृहीत धरू नये. कोरोना होऊन गेलेल्या काही तरुणांमध्ये, विशेषतः तरुणींमध्ये, उभे राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत हृदयाचे ठोके तीस किंवा त्याहून अधिक वाढण्याचा एक विकार आढळला आहे. तो विषाणूने मागे ठेवलेला शारीरिक विकार आहे. त्याला 'मनाचे खेळ' म्हणणे अन्याय होईल. रक्तक्षय आणि थायरॉइड ही तर आपल्या घरोघरची दुखणी आहेत. म्हणून आधी डॉक्टरांकडे जावे, रक्त तपासावे, हृदयाचा आलेख काढावा. सर्व स्वच्छ निघाले, तर मुलाला "काही झालेले नाही तुला" असे सांगू नये. डॉक्टरांनी अवयव निरोगी असल्याचे सांगितलेले असते, आठवणीविषयी त्यांना कोणी विचारलेलेच नसते.

घरात विषय काढायचा, तर तो कसा? मुलाला समोर बसवून प्रश्न विचारण्यापेक्षा वडिलांनी किंवा आईने स्वतःची हकीकत आधी सांगावी. ज्या बापाला त्या वेळी प्राणवायू लावलेला होता, त्याने पाच वर्षांनंतर एखाद्या संध्याकाळी म्हणावे, "त्या रात्री मला वाटले होते, आता काही मी घरी येत नाही. तुला तेव्हा काय वाटत होते रे?" मुलगा उठून गेला, तर जाऊ द्यावे. दुसऱ्या दिवशी तो परत येऊन बसला, तर टीव्ही बंद करावा आणि मध्ये न बोलता ऐकावे. त्याचे हात कापत असतील, तर तेही चालू द्यावे.

झोप महिनाभराहून अधिक काळ मोडलेली असेल, आजारी असूनही रुग्णालयात पाऊल टाकणे जमत नसेल, कारण नसता दचकणे, चिडणे वा व्यसन वाढले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. जीव नकोसा झाल्याचे बोल कानी आले, तर एक दिवसही थांबू नये. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. तो दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते.